सोळाव्या वर्षी मी कर्णाच्या प्रेमात पडले होते

गौरी जेवणाच्या दिवशी बायकांची पंगत उठायच्या बेताला आली होती. कुणीतरी माझ्या भाचीला नेहमीचा प्रश्न विचारला, "काय गं, आहे का कुणी?" भाची एकोणीस वर्षांची. तिने सरळ सांगून टाकलं की आहे, पण तो एका कोरियन मालिकेतला आहे, आणि त्याच्यासारखा भेटेपर्यंत तिला दुसरं कुणी नको. पंगतभर हशा पिकला. एक काकू म्हणाल्या, "मोबाईलने डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या." तीही सगळ्यांबरोबर हसली. मी तिच्या समोरच बसले होते. तिने पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तसाच पानात ठेवून दिला. मग पान उचलेपर्यंत तिने त्याला हात लावला नाही.

त्या तुकड्यासाठी मी हे लिहिते आहे.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही, सांगलीत बँकेत नोकरी करते. सोळाव्या वर्षी मी कर्णाच्या प्रेमात पडले. दहावीची सुट्टी होती. वाचनालयातून शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणलं. १९६७ साली ते आलं तेव्हा सावंत सत्तावीस वर्षांचे होते, हे मला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर खूप वेळ मी तोच विचार करत होते. एवढ्या वयाच्या माणसाला हे कुठून सुचलं असेल?

ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, त्यात सहा जण बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि कृष्ण. प्रत्येक जण 'मी' म्हणून आपलं सांगतो. कर्णाचं शौर्य, कवचकुंडलं, दानशूरपणा हे सगळं आम्हाला आजीच्या गोष्टींतून आधीच ठाऊक होतं. त्यासाठी मी प्रेमात पडले नाही. मी पडले त्या 'मी'मुळे.

आमच्या घरातले पुरुष बोलायचे ते पाऊसपाणी, ऊसाचा दर, पगार आणि राजकारण. बाबांच्या मनात काय आहे ते आम्हाला आईच्या तोंडून कळायचं. "त्यांना राग आलाय, आज शांत बसा." "त्यांना फार लागलंय ते, बोलून दाखवत नाहीत." आजोबा गेले तेव्हा बाबा तेराव्यापर्यंत नुसती धावपळ करत होते. मांडवाचं बघ, भटजींचं बघ, पाहुण्यांच्या चहाचं बघ. एक शब्द नाही. आणि इथे एक पुरुष शेकडो पानं मला सांगत होता की सूतपुत्र म्हणून हिणवल्यावर आत काय होतं, कशाची भूक होती, कुठे लाज वाटली. मी माडीवर पालथी पडून ऐकत होते. हो, ऐकतच होते. पुरुषाच्या मनातलं एवढं सगळं सलग माझ्या कानावर त्याआधी कधी आलं नव्हतं.

त्या प्रतीत, वृषालीच्या भागात, समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला होता : 'हो'. माझ्याआधी ते पुस्तक नेलेल्या कुणा मुलीचं असणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. मी मुदत दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा ग्रंथपालकाकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारून दिला.

हे वेड नाही, आणि नवीनही नाही. उषा-अनिरुद्धाची गोष्ट आपल्याच पुराणात आहे. बाणासुराच्या मुलीला, उषेला, स्वप्नात एक पुरुष दिसला. नाव नाही, गाव नाही, तो खरा आहे की नाही तेही माहीत नाही. जागी झाली ती त्याच्यासाठी व्याकूळ होऊनच. तिची सखी चित्रलेखा ती अवस्था ऐकून हसली नाही. तिने रंग घेतले आणि देव, गंधर्व, माणसं अशी एकेकाची चित्रं काढून तिच्यासमोर धरत गेली, हा का, हा का, म्हणून. अनिरुद्धाच्या चित्राशी आल्यावर उषेने लाजून मान खाली घातली. भागवतातली गोष्ट आहे ही. पुढे युद्ध झालं, नागपाश झाला, ते सोडा. मला त्यात नेहमी चित्रलेखाच थोर वाटते. आपल्या पंगतीत एकही चित्रलेखा नव्हती, आणि मी स्वतःलाही त्यात धरते, कारण मी त्या वेळी गप्प बसले.

कॉलेजात असताना मी मूळ महाभारताचं भाषांतर वाचायला घेतलं आणि सभापर्वाशी येऊन अडकले. द्रौपदीला भरसभेत नको तो शब्द वापरणारा आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मैत्रिणींची ब्रेकअप मी पाहिली होती. माझं त्याहून वेगळं नव्हतं, फक्त मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. मग उद्योगपर्वात तो कृष्णाला सांगतो ते वाचलं : दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा आता मला ताप होतो. तिथेही द्रौपदीचं नाव नाही. ते मला आजही टोचतं. पण निदान त्याने तोंडाने कबूल केलं, आणि माझं त्याच्यावरचं प्रेम काही गेलं नाही. माणूस चुकलेला दिसल्यावरही त्याच्याजवळ कसं राहायचं, हे मी तिथे शिकले, आणि ते शिकणं खरं होतं.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे नातं जुळतं त्यावर लिहिलं. पॅरासोशल हा शब्द तिथून आला. त्यांचं म्हणणं असं की ही जवळीक मनापासून वाटते, पण ती एकाच बाजूची असते; दोघांनी मिळून ती वाढवता येत नाही. जपानमध्ये अकिहिको कोंडो यांनी २०१८ साली हात्सुने मिकू या काल्पनिक गायिकेशी लग्नाचा समारंभ केला. त्यांच्या घरच्यांपैकी कुणी आलं नाही. ते ज्या यंत्रातून तिच्याशी बोलायचे, त्याची ती सोय २०२० मध्ये कंपनीने बंद केली. नोकरीच्या ठिकाणी छळ झाल्यावर तिच्या गाण्यांनी मला सावरलं, असं त्यांनी उघडपणे सांगितलंय. जग त्यांना हसलं. मला ती बातमी वाचून त्यांच्या घरातली ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आली, ज्या दिवशी त्यांनी हाक मारली असेल आणि पलीकडून आवाज आला नसेल.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षांची असताना एक स्थळ आलं. कांदेपोहे झाले, "तुम्ही दोघं बोला जरा" म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. त्याने बदलीचं विचारलं, पगाराचं विचारलं, मी सांगितलं. मग मी विचारलं, "तुम्हाला अलीकडे कशाचं वाईट वाटलं?" तो बराच वेळ पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला. म्हणाला, "तसं विशेष काही नाही." आम्ही खाली निघालो. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमचा कुत्रा गेला मार्चमध्ये. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. घरात कुणाला माहीत नाही."

तेरा वर्षं झाली, तो जिना माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्याची मी बारा वर्षं वाट बघत होते ते घडलं होतं. एका खऱ्या माणसाने आपल्या आतलं मला सांगितलं होतं. आणि मी काहीच बोलले नाही. मला सुचेना. कुत्र्याचं नाव काय होतं, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पुस्तकातल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. तो सांगत राहतो, आपण पान उलटतो. मला ऐकायची एवढी सवय झाली होती की उत्तर द्यायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. तो मान खाली घालून पुढे उतरला. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून.

त्यामुळे भाचीला मी "हे सोड, वास्तवात ये" असं सांगणार नाही. तिला जे आवडलंय ते काय आहे हे तिने बोलावं, मोठ्याने, कुणाजवळ तरी, असं मला वाटतं. तिच्या वर्गातल्या मुली आता मोबाईलवर अशा पात्रांशी गप्पा मारतात आणि ते पात्र "आज दिवस कसा गेला?" असं विचारतंसुद्धा. मी ते वाईट म्हणणार नाही. रात्री दीड वाजता एकटं वाटण्याची मला ओळख आहे. पण त्या पात्राचा कुत्रा कधी मेलेला नसतो. तिच्या उत्तरावाचून त्याचं काही अडत नाही. आपल्या एका वाक्याची कुणीतरी जिन्यात उभं राहून वाट बघतंय, हे तिच्या वाट्याला यावं असं मला फार वाटतं. माझ्याही वाट्याला परत यावं असं वाटतं. एक्केचाळिसाव्या वर्षी बाईने हे लिहू नये म्हणतात. मला अजून प्रेम हवं आहे, मी लिहिणार.

गौरी विसर्जनाच्या रात्री भाची माझ्या खोलीत झोपायला आली. दिवा घालवल्यावर मी विचारलं, "तो कसा आहे, सांग ना."

"मावशी, तू पण हसशील."

"नाही हसणार."

ती आधी अडखळत, मग धबधब्यासारखी बोलली. तो छत्री धरताना स्वतःचा खांदा भिजू देतो. ती बोलत असताना तो फोन उलटा ठेवतो. तो "माझं चुकलं" म्हणतो, आणि म्हणताना हसण्यावारी नेत नाही. मी मध्ये मध्ये विचारत होते, मग तो काय म्हणाला, मग तू असतीस तर काय म्हणाली असतीस? या दुसऱ्या प्रश्नाशी ती दर वेळी थांबायची, विचार करायची, आणि मग उत्तर द्यायची. दोन वाजून गेले होते.

मग तिने विचारलं, "तुझं कोण होतं?"

मी उठून दिवा लावला आणि कपाटातून पुस्तक काढलं. वाचनालयातली ती प्रत २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात गेली. ही मी नंतर विकत घेतलेली. ती अंथरुणात बसून पानं चाळत वृषालीच्या भागाशी आली आणि थांबली.

"हे 'हो' कुणी लिहिलंय?"

"ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "पण माझ्याआधी एका मुलीने लिहिलं होतं." आणि मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले.