साबणाची जाहिरात आणि ट्राजनचा स्तंभ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रोमच्या विजयस्मारकांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून हे सविस्तर. इतरांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. या कमानी-स्तंभांना मी ‘दगडातला इतिहास’ म्हटलं हा भाबडेपणा. ती जेत्यांची जाहिरात आहे, आणि साबणाच्या जाहिरातीवरून कोणी लोकांच्या घरचे कपडे किती स्वच्छ ते ठरवत नाही. रोमन सम्राट ट्राजनच्या स्तंभाचा वरचा भाग खालून दिसतच नाही, मग एवढं कौतुक कशाला? आणि सम्राट टायटसने स्वतःची कमान बांधली असं मी लिहिलं, ते साफ चूक.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे माझ्याकडे बचावच नाही. कमानीवर टायटसच्या नावामागे ‘दिवो’ आहे, म्हणजे देवपदाला पोचलेला, आणि हा मान सम्राटाला मेल्यावरच मिळायचा. टायटस इ.स. 81 मध्ये गेला. कमान त्याच्या भावाच्या, डोमिशियनच्या काळातली. आतल्या छताच्या मधोमध गरुडावर बसून स्वर्गात निघालेला टायटस कोरलाय. त्याचा फोटो माझ्याच फोनमध्ये आहे, तरी लिहिताना घोळ घातला.

जाहिरातीचं म्हणाल, तर तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. टायटसची आणखी एक कमान सर्कस मॅक्सिमस या रोममधल्या रथशर्यतींच्या मैदानापाशी होती. ती पडली, पण तिच्यावरचा लेख मध्ययुगात कुणीतरी उतरवून ठेवला. त्यात म्हटलंय की टायटसने जिंकलेल्या ज्यूंच्या जेरुसलेमवर त्याच्या आधी कुणी चालून गेलंच नाही, आणि जे गेले ते हात हलवत परतले. शुद्ध थाप! इ.स.पू. 63 मध्ये पाँपीने हेच शहर घेतलं होतं, आणि पाँपी काही परका नव्हता, रोमचाच सेनापती. पण उभ्या असलेल्या कमानीच्या आत बघा. सैनिक खांद्यावरून सात फाट्यांची दीपमाळ नेताहेत, जेरुसलेमच्या मंदिरातलं मेज नेताहेत. या विजयाच्या इ.स. 71 मधल्या रोममधल्या मिरवणुकीचं वर्णन जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि त्यातही या दोन्ही वस्तू आहेत. म्हणजे शब्द खोटे, लूट खरी.

आता ट्राजन. इथे मात्र मी मागे हटणार नाही. इ.स. 113 चा हा स्तंभ, डेशियातल्या, म्हणजे आजच्या रुमानियातल्या दोन युद्धांचा. सुमारे दोनशे मीटर लांबीचा शिल्पपट्टा खालून वर वेटोळे घेत जातो, आकृत्या अडीच हजारांवर. यात लढाई तुम्हाला वाटते त्याहून कितीतरी कमी आहे. सैनिक झाडं तोडतात, तटबंदी रचतात, नदीवर होड्यांचा पूल घालतात; सम्राट भाषण देतो, यज्ञ करतो, पुन्हा भाषण देतो. स्वतः ट्राजन जवळपास साठ वेळा दिसतो. (आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांनाही एवढं जमलं नाही.) आणि पायथ्याचा लेख? त्यात ‘दाकिकस’ (डेशियाचा जेता) हे बिरुद सोडलं तर युद्धाचा उल्लेखच नाही. एवढ्या बांधकामांसाठी केवढा उंच डोंगर खणून काढला ते कळावं म्हणून हा स्तंभ, असं तो सांगतो! मला तर ही फुशारकी युद्धाच्या फुशारकीपेक्षा भारी वाटते.

शेवटाकडे डेशियाचा राजा डेसेबालस येतो. रोमन घोडेस्वारांनी गाठलंय, तो झाडाखाली गुडघ्यावर, हातात वाकडी सुरी, गळ्यापाशी. एक स्वार त्याच्याकडे हात लांबवतोय. या स्वाराचं थडगं ग्रीसमध्ये फिलिपीजवळ सापडलं: टिबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस. त्यावर कोरलंय की मी डेसेबालसला पकडलं आणि त्याचं डोकं सम्राटाकडे नेलं. सरकारी स्तंभ म्हणतो राजाने जीव दिला, शिपाई म्हणतो मी पकडला. म्हणजे राजाला त्याचं मरण देण्याचा मोठेपणा स्तंभाने दाखवला आणि श्रेय शिपायाने आपल्या थडग्यावर घेतलं. ट्राजनने या युद्धावर स्वतः लिहिलेल्या ग्रंथातलं जेमतेम एक वाक्य उरलंय. तेव्हा साहेब, जाहिरात का होईना, ती नसती तर या युद्धाबद्दल बोलायला आपल्याकडे फारच थोडं उरलं असतं.

वरचं दिसत नाही, हे खरं. स्तंभाच्या दोन्ही बाजूंना ग्रंथालयं होती असं मानतात. त्यांच्या वरच्या मजल्यांवरून थोडं अधिक दिसत असेल. सगळं नाहीच. पण आपल्या देवळांच्या शिखरांवरची शिल्पं तरी कोणाला नीट दिसतात? कारागिराने ती कोरायची सोडली नाहीत.

सम्राट काँस्टंटाइनच्या कमानीबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण तुमचा मुद्दा खरा जोरात तिथे लागतो. इ.स. 312 ची लढाई रोमनांनी रोमनांशी केलेली, म्हणून कमानीवरच्या लेखात हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचं, मॅक्सेंटियसचं, नावच नाही, नुसता ‘जुलमी’. आणि बरीचशी शिल्पं जुन्या सम्राटांच्या स्मारकांवरून काढून आणलेली, चेहरे नव्याने तासून. शिल्पपट्टीत मात्र टायबरमध्ये बुडणारे सैनिक रोमनच आहेत.

तसाच सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीचा किस्सा. पार्थियावरच्या (आजच्या इराणकडच्या राज्यावरच्या) विजयाची, इ.स. 203 ची. तिच्यावरच्या लेखात सम्राटाच्या दोन्ही मुलांची नावं होती. पुढे थोरल्या काराकालाने धाकट्या गेटाला मारलं आणि त्याची ओळ काढून तिथे स्तुतीचे शब्द बसवले. अक्षरं धातूची होती, ती कधीच गेली. पण ती जिथे ठोकली होती ती भोकं दगडात आहेत, आणि त्यांवरून गेटाचं नाव अजून लावता येतं.

टायटसची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे, तुमच्या उल्लेखासह.