‘धूळ पुसायचे ७०० रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं, "धूळ पुसायचे ७०० रुपये घेतले, तरी दोन तासांनी क्रिटा पुन्हा अडकतं. आर्वीत लॅपटॉप देऊ नका, सरळ नागपूरला जा." क्रिटा म्हणजे तुमचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर. ते अडकून पोळ्याच्या तोंडावर तुमचं काम अडलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तान्ह्या पोळ्याचे तुमचे फ्लेक्स चौकात पाहिले आहेत. हात चांगला आहे तुमचा.

पण "धूळ पुसायचे" हे शब्द लागले. नुसत्या ब्रशने धूळ झटकायचे मी कोणाकडूनच पैसे घेत नाही, आर्वीत कोणालाही विचारा. तुमच्या लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं तेव्हा पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, जाळीमध्ये कापसाच्या तंतूंचा गादीसारखा थर बसला होता. घरात कापूस भरून ठेवला की असं होतंच, आपल्या इकडे अर्ध्या घरांत होतं. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट आणखी आत दबतो. पंखा सोडवावा लागतो, हीटसिंक उचलावा लागतो, आणि तो एकदा उचलला की प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावावीच लागते. पेस्ट, मजुरी आणि नंतर तासन्‌तास लॅपटॉप चालवून तापमान बघणं, हे सगळं त्या ७०० मध्ये होतं. हवा अडली की प्रोसेसर तापत जातो, आणि १०० अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तो त्रास तुमचा गेला आहे.

आता उरलेला त्रास वेगळा आहे. त्यासाठीच मी तुमची चित्राची फाइल मागितली होती. "डिझाइन बाहेर जाईल" म्हणून तुम्ही दिली नाही. इतकी वर्षं लोकांचे लग्नाचे फोटो, शेताचे कागद माझ्या दुकानात येतात, एक फाइल कधी बाहेर गेली नाही. मग लॅपटॉप न्यायला भाच्याला पाठवलं, त्याची एसटी निघत होती, त्यामुळे मी काय सांगत होतो ते त्याने धड ऐकलं नाही.

फाइलची साइज मला तुमच्या रिव्ह्यूतल्या फोटोत दिसली: १४४०० बाय १०८०० पिक्सेल. म्हणजे ४ बाय ३ फुटांचा फ्लेक्स तुम्ही ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, रंगवताय. साध्या ८ बिट रंगात प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर, चित्राचा एक थर, साधारण ६२० एमबी. तुमची रॅम ८ जीबी. क्रिटा मुळात त्यातली निम्मी, म्हणजे ४ जीबीच वापरतं. सहा-सात लेयर भरले की संपलं, पुढचं सगळं ते डिस्कवर लिहायला लागतं आणि तिथेच ब्रश अडखळतो. सुरुवातीला चांगलं का चालतं? कारण लेयरचा रिकामा भाग जवळपास जागाच खात नाही. रंग भरत जाल तशी मेमरी भरते, शिवाय अनडू करता यावं म्हणून मागचे फटकारेही ते जपून ठेवतं. म्हणून दोन तासांनी.

तुम्ही स्वतः तपासा. अडकायला लागलं की फाइल सेव्ह करा, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. लगेच हलकं झालं तर कारण मेमरी. अनडूचा साठा तेवढ्याने रिकामा होतो. क्रिटा चालूच ठेवून दहा मिनिटं हात थांबवला आणि मगच वेग आला, तर कारण उष्णता. तसं निघालं तर लॅपटॉप घेऊन या, एक रुपया न घेता पुन्हा उघडीन.

आणि फ्लेक्सला ३०० लागत नाही हो. तो लांबून बघतात, १०० पुरतं. तेच चित्र ४८०० बाय ३६०० वर केलं तर एक लेयर ७० एमबीच्या आत येतो, नऊपट फरक. तुमच्या फ्लेक्सवाल्याला विचारून घ्या. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्समध्ये मेमरीची मर्यादा थोडी वाढवता येते, पण विंडोजलाही जागा लागते, म्हणून फार ताणू नका. काम संपलेले लेयर एकत्र करा, अनडूच्या पायऱ्या कमी ठेवा.

दुसरी रॅम टाकायला मी तेव्हाच सांगितलं होतं, स्लॉट रिकामा आहे. तुम्ही "नको, खर्च वाढवू नका" म्हणालात, म्हणून टाकली नाही. टाकली असती तर आज रिव्ह्यूत लिहिलं असतं की गळ्यात मारली.

भाऊ, आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं आधी मोबाइलवर स्टार बघतात, मगच दुकानाची पायरी चढतात. नागपूरला जायचं तर जा, तो तुमचा हक्क आहे, पण ७०० रुपयांत काय काय झालं हे वाचणाऱ्यालाही कळायला हवं. यापुढे केलेलं काम बिलावर नीट लिहून देत जाऊ, बाकीही सुधारणा करतो आहोत.

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, तुमच्या समोर उघडू, तुमच्या समोरच पुसू. रॅम घ्यायचं ठरलं तर बसवण्याची मजुरी घेणार नाही. फक्त बाजाराचा दिवस सोडून या, त्या दिवशी फॉर्म भरणाऱ्यांची रांग असते आणि तुमच्याजवळ बसायला वेळ मिळणार नाही.