व्हिएतनामच्या मिरीबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

वाशी, कोपरखैरणे, ठाण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'व्हिएतनाममध्ये मिरी पिकतच नाही. केरळची मिरी उचलतात, पपईच्या बिया मिसळतात आणि आपल्यालाच परत विकतात.' हे खरं नाही. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये माझा मिरीचाच व्यवहार आहे, म्हणून लिहितोय.

मिरी मूळची आपल्या पश्चिम घाटातली, हे बरोबर. पण व्हिएतनाममध्ये फ्रेंच राजवटीपासून तिची लागवड आहे. १९८६च्या आर्थिक सुधारणांनंतर डाक लाक, जिया लायच्या पठारावर शेतकऱ्यांनी ती झपाट्यानं वाढवली. आज मिरीच्या निर्यातीत तो देश जगात पहिला आहे. वर्षाला २ लाख टनांहून जास्त माल बाहेर जातो. भारताचं सगळं पीकही तेवढं भरत नाही, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच घरात संपतं. मग केरळची मिरी तिकडे जाऊन परत येईल कुठून?

केरळ-कोडगूच्या बागायतदारांची तक्रार मात्र रास्त आहे. स्वस्त आयातीनं त्यांचा भाव पडतो. म्हणूनच २०१७च्या डिसेंबरात केंद्रानं किलोला ५०० रुपये किमान आयात दर ठरवला. पण हा प्रश्न भावाचा आहे, भेसळीचा नव्हे.

कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. जिथे टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.

पपईच्या बियांची भेसळ कुठल्याही मिरीत होऊ शकते. चमचाभर मिरी ग्लासभर पाण्यात टाका. भरलेला दाणा तळाशी बसतो, पपईची बी तरंगते. पोचट मिरीही तरंगते, म्हणून आकार बघा: मिरी गोल, पपईची बी लांबट.