शून्य चालत नाही

काल सकाळी नऊला आमच्या तमाम साहेबलोकांना ‘आपल्याकडे रजेचे अर्ज पडून आहेत’ असा मेल दोनदा गेला. एकच मेल, एकाच मिनिटाला, दोनदा. तो का गेला, या रकान्यात जे कारण लिहिलंय त्याखाली माझी सही आहे. कारण खोटं आहे, सही खरी आहे.

प्रकरण टॉमकॅटचं, म्हणजे जावा भाषेतली वेब अ‍ॅप्स चालवणाऱ्या सर्व्हरचं. आमचं रजेच्या अर्जांचं अ‍ॅप त्याच्यावर चालतं. जावाचं वेब अ‍ॅप चढवायचं म्हणजे वॉर फाइल उचलायची आणि ‘वेबअ‍ॅप्स’ फोल्डरात नेऊन टाकायची, ही रूढ रीत. वॉर म्हणजे नाव बदललेली झिप, बाकी लढाईबिढाई काही नाही. टॉमकॅट ती तिथेच उलगडून ठेवतो. म्हणजे बिल्डच्या जागी, जिथे कोडचं अ‍ॅप तयार होतं तिथे, एक प्रत, वेबअ‍ॅप्समध्ये दुसरी, उलगडलेली तिसरी. आमचं बिल्ड त्याच मशिनवर होतं, मग ही हमाली कशाला? टॉमकॅटच्या ‘कॉन्फ’ फोल्डरात ‘कॅटॅलिना’, त्यात ‘लोकलहोस्ट’, तिथे ‘रजा’ नावाची एक्सएमएल फाइल ठेवायची. आत एकच ओळ: कॉन्टेक्स्ट, म्हणजे एका अ‍ॅपची नोंद, आणि त्याच्या डॉकबेसमध्ये बिल्डच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. अ‍ॅप जागचं हलत नाही, टॉमकॅटच तिथे जाऊन वाचतो. महिनाभर मी असंच गुपचूप चालवत होतो.

परवा नवी आवृत्ती चढवायची होती आणि आमचे रिलीजवाले सर खुर्ची ओढून शेजारी बसले. हातात चेकलिस्ट, टोपण काढलेलं पेन.

“करा सुरू कॉपी.”

“कॉपी नाहीये, सर. फक्त पत्ता बदलायचा.”

“बरं. मग कॉपी कधी?”

“नाहीच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “अहो, मग सर्व्हरवर जाणार काय?”

“काहीच जाणार नाही. जिथे आहे तिथेच राहील.”

“जिथे आहे तिथेच राहणार असेल तर तुम्ही डिप्लॉय काय करताय?”

या प्रश्नावर मी अजून विचार करतोय. तो इतका सरळ होता की उत्तर देताना मलाच आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागलं. मी डॉकबेस समजावला. वर आगाऊपणाने हेही सांगितलं, की हाच कॉन्टेक्स्ट ‘सर्व्हर’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत लिहून डॉकबेस वेबअ‍ॅप्सच्या आत ठेवला तर तेच अ‍ॅप दोनदा चढू शकतं, नवशिके हमखास तिथे फसतात, मी मात्र तो बाहेर ठेवलाय. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो.

सरांनी ऐकून घेतलं. मग फॉर्मवर बोट ठेवलं. “मुद्दा तीन. कॉपी केलेल्या फाइलींची संख्या?”

“शून्य.”

“शून्य घेत नाही हा.” खरंच घेत नव्हता. रकान्याभोवती लाल चौकट आली.

“मग एक टाका.”

“पण एक केली का तुम्ही?”

“नाही.”

“मग खोटं कसं लिहायचं?” ते मनापासून दुखावले होते. माणूस प्रामाणिक आहे, हीच तर अडचण. लबाड माणसाने पाच लिहून मला मोकळं केलं असतं. उलट यांना कॉपीची ती हिरवी पट्टी सरकताना पाहायची सवय. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते पाहून आपणही काम केलं असं वाटतं. माझ्या पद्धतीत पाहण्यासारखं काही नव्हतं, हा माझा गुन्हा.

तोडगा त्यांनीच काढला. “मुद्दा चार बघा. ‘बदल करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत त्याच फोल्डरात ठेवावी.’ तुमची ती एक ओळीची फाइल आहे ना, तिची करा कॉपी. म्हणजे एक होईल.”

मी म्हटलं, नावाला शेवटी ‘बॅक’ जोडतो. तर म्हणाले, “एक्स्टेन्शन बदललं तर ती प्रत कसली?” संध्याकाळचे सात वाजले होते, मी केली. ‘रजा-जुनी’, एक्सएमएल. रकान्यात एक लिहिलं, लाल चौकट गेली. मग मूळ फाइलीत नव्या फोल्डरचा पत्ता टाकला. टॉमकॅट मुळात दर दहा सेकंदांनी डोकावून काही बदललंय का ते पाहतो. आम्ही दोघं गप्प बसून राहिलो. नवी आवृत्ती उघडली. सर म्हणाले, “उघडली खरी,” आणि पेनाला टोपण लावलं.

टॉमकॅट म्हणजे बोका. हे नाव ठेवणाऱ्याला म्हणे स्वतःचं स्वतः निभावून नेणारा प्राणी हवा होता. सन कंपनीने 1999 मध्ये हा बोका अपाचेच्या पदरात टाकला, तेव्हापासून तो निभावतोच आहे, आणि कुणी न सांगता बरंच काही करतो. त्याच्या लेखी त्या फोल्डरात ‘बॅकअप’ असा प्रकारच नाही. एक्सएमएल दिसली की ते अ‍ॅप. फाइलीचं जे नाव तोच वेबवरचा पत्ता. आत तुम्ही वेगळा पाथ लिहिलात तर तो तिकडे बघतसुद्धा नाही. त्याने ‘रजा-जुनी’ पाहिली, जुना डॉकबेस शाबूत होता, आणि जुनी आवृत्तीही इमानेइतबारे सुरू केली. रात्रभर दोघी शेजारी शेजारी चालल्या. एकच डेटाबेस, दोन नऊ वाजताचे मेल. ज्या दोनदा चढण्यावर मी प्रवचन झोडलं, ते मी स्वतःच दुसऱ्या दाराने आत घेतलं होतं.

लॉगमध्ये ‘रजा-जुनी’ दिसल्यावर मी ती फाइल उडवली आणि ते अ‍ॅप काही सेकंदांत उतरलं. आयुष्यात केलेली एकुलती एक कॉपी, आणि तीच नडली. हे मी सरांना लॉग उघडून, ओळीवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचलं, मान हलवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘फाइली कॉपी न करता डिप्लॉय केल्यामुळे.’

“सर, कॉपी केल्यामुळे झालं.”

“एकच केली ना? सगळ्या केल्या असत्या तर झालं असतं का?”

झालं नसतं. दुर्दैवाने हेही खरं आहे. मी सही केली. निदान पुढेमागे दाखवायला म्हणून त्या कागदाची एक प्रत मागितली.

“कशाला?” सर फाइल बंद करत म्हणाले. “मूळ कागद इथेच आहे. कुठून काढायचा तेवढं लिहून घ्या, लागला की इथे येऊन वाचा.”