‘इथं खाली काही नाही’

खोदायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते कसं ओळखायचं, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही या धंद्यात नवखे आहात. मुरलेला माणूस जमिनीवर दोनदा टाच आपटतो, कान देऊन ऐकल्यासारखं करतो आणि म्हणतो, ‘इथं खाली काही नाही. लाव पोकलेनची बकेट.’

वीज, गॅस, पाणी आणि टेलिफोनवाल्यांना आधी कळवा, नकाशे मागवा, असं सांगणारे शहाणे भेटतील. पण नकाशा मागवला की तो येईपर्यंत थांबावं लागतं आणि आला की वाचावा लागतो. मागवलाच, तर मात्र त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. ‘रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर’ लिहिलंय ना? मग आजच्या कडेपासून मोजा. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, कड सरकली, तर केबलनेही सरकून घ्यायला हवं होतं. खोलीचंही तसंच. वरून कोणी माती काढून नेली असेल, याच्याशी कागदाचा काय संबंध?

केबल शोधायचं यंत्र भाड्याने आणलं असेल तर उत्तम. ते केबलमधल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. आता गंमत बघा. केबल जिवंत आहे पण त्या घडीला तिच्यावर भार नाही, तर यंत्र गप्प. थ्री-फेज केबलवर तिन्ही फेजचा भार समतोल आहे, तर क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात, यंत्र पुन्हा गप्प. प्लॅस्टिकच्या पाइपात तर प्रवाहच नाही. म्हणून यंत्र गप्प बसलं की जमीन मोकळी समजायची. सोबत सिग्नल सोडायची एक पेटी येते, ती गाडीतच राहू द्या. तिने लाइनवर वेगळा सिग्नल चढवता येतो, मग नको ते सापडायला लागतं. रडारवालं यंत्र प्लॅस्टिकही दाखवू शकतं, पण ओल्या चिकणमातीत त्याची नजर अधू होते. तेव्हा ते वापरायचंच तर ओली चिकणमाती बघून वापरा.

हाताने चाचणी खड्डा घेऊन, लाइनच्या बाजूने हळूहळू आडवं उकरत ती डोळ्यांनी बघून घेणं हा प्रकार ज्यांना वेळ जात नाही त्यांच्यासाठी आहे. आपला ऑपरेटर बकेटने काडेपेटी उचलतो, असं तो स्वतःच सांगतो.

खणताना रंगीत प्लॅस्टिकची पट्टी वर आली तर तो कचरा. ती लाइनच्या वर मुद्दाम पुरलेली असते म्हणतात, असेल. बकेटच्या दाताला अडकून फडफडते तेव्हा कामाला जरा सणासुदीची कळा येते.

केबल तुटली, ठिणगी उडाली, मग सगळं शांत झालं? म्हणजे मेली. पलीकडे कोणीतरी स्विच पुन्हा चढवेल, ही शंका भित्र्यांची. बकेट केबलमध्ये अडकलेली असताना ऑपरेटरला लगेच उतरायला सांगा. एक पाय जमिनीवर, एक हात दांडीवर. विजेला माणसातून वाट करून द्यायची याहून सोपी रीत नाही. केबिनमध्ये हात आवरून बसला आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत सगळ्यांना लांब ठेवलं, तर तो बहुधा घरी जाईल, आणि मग सगळं सांगत बसेल.

इंटरनेटची फायबर केबल तुटली तर मात्र मन खट्टू करू नका. २०११ साली जॉर्जियात तांब्यासाठी जमीन उकरणाऱ्या ७५ वर्षांच्या आजीबाईंचा घाव फायबरवर बसला आणि शेजारच्या जवळजवळ सगळ्या आर्मेनियाचं इंटरनेट काही तास बंद पडलं. त्यांच्याकडे पोकलेन नव्हता. तुमच्याकडे आहे.

गॅसच्या पाइपला नुसता ओरखडा आला, गळती नाही, तर कोणाला कळवू नका, माती लोटा. बेल्जियममध्ये आथ शहराजवळ एका बांधकामावर यंत्राचा असाच मार मोठ्या गॅसवाहिनीला बसला होता. तेव्हा काहीच झालं नाही. पुढे वाहिनीतला दाब वाढवला गेला आणि ३० जुलै २००४ रोजी ती फुटली. २४ माणसं गेली, त्यात गळतीची वर्दी ऐकून धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. ओरखडा पाडणारं यंत्र त्या दिवशी तिथे असायची गरजही नव्हती.

आणि वास येत नाही, म्हणजे गळती नाही, हे तर पाठच करा. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळतात आणि वाटेतली माती तो शोषूनही घेऊ शकते. गॅस मग सैल भरावातून, गटारातून कोणाच्या तरी तळघरात शिरतो. पण तळघर कुठे तुमच्या टेंडरमध्ये आहे?

राहिली तुमची स्वतःची नवी लाइन. पाइप प्लॅस्टिकचा घ्या, शोधायला उपयोगी पडणारी तार सोबत टाकू नका, पट्टी विसरा, भरावात टोकदार दगड येऊ द्या. नकाशावर मूळ आराखड्यातली सरळ रेघच राहू द्या. मध्ये खडक लागला म्हणून तुम्ही लाइन दोन मीटर डावीकडून नेलीत, हे मुकादमाला माहीत आहे. तो पुढच्या महिन्यात काम सोडतोय.