अस्तर उसवता आले पाहिजे : एका अभिप्रायाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोकरी कोटाला हाताने अस्तर लावण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावरचा आपला अभिप्राय मी दोनदा वाचला, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी माझ्या भावासाठी शिवलेला तो राखाडी कोट पुन्हा मागवून घेऊन टेबलावर उलटा पसरला. आपण सव्वीस वर्षे या व्यवसायात आहात असे लिहिले आहे. मी घरी शिवते आणि आजवर माझ्या हातून नऊच कोट पूर्ण झाले आहेत, त्यामुळे आपल्या शब्दाचे वजन मी जाणते. आपले आक्षेप असे होते : मशीनवर पाऊण तासात होणाऱ्या कामाला मी सात तास घालवले, पाठीवर आणि घेराशी, म्हणजे कोटाच्या खालच्या कडेशी, जादा कापडाची घडी ठेवून अस्तर बेढब केले, क्युप्राचा, म्हणजे कापसाच्या आखूड तंतूंपासून बनणाऱ्या अस्तराच्या कापडाचा, आग्रह धरून वाचकांना विनाकारण खर्चात पाडले, आपल्या हवेत ज्याची गरज नाही ते अस्तर लावलेच कशाला, आणि बाजारात शिवलेले कोट आतून निष्काळजीपणे पुरे केलेले असतात असे म्हणून मी कारागिरांना कमी लेखले. शेवटी आपण छायाचित्रातल्या डाव्या मुंढ्याजवळची, म्हणजे बाही अंगाला जोडतात त्या शिवणीजवळची, चुणीही दाखवून दिली आहे.

यातला कारागिरांविषयीचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ते वाक्य मी लेखातून काढले आहे, आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागते. नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला एका मुंढ्यावर अडीच तास बसणे परवडत नाही. त्याने अस्तर मशीनवर लावले तर तो त्याच्या हातातल्या कसबाचा नव्हे, त्याला मिळणाऱ्या दराचा परिणाम असतो, आणि हा भेद मी लिहिण्यापूर्वी करायला हवा होता.

आता अस्तराच्या मापाविषयी, कारण आपल्या अभिप्रायातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला तोच वाटला. अस्तर कोटाच्या मापाचेच हवे, म्हणजे ते आत सपाट आणि नीटनेटके बसते, असे आपण म्हणता. टेबलावर पसरलेल्या किंवा खुंटीवर टांगलेल्या कोटापुरते हे खरे आहे. परंतु कोट अंगात घातल्यावर काय होते ते मोजून पाहावे अशी माझी विनंती आहे. भावाचे हात सरळ खाली असताना त्याच्या पाठीचे एका मुंढ्यापासून दुसऱ्या मुंढ्यापर्यंतचे माप मी घेतले, ते ४० सेंटिमीटर भरले. त्याने छातीवर हातांची घडी घातली तेव्हा तेच माप ४६ झाले. लोकरीचे कापड ही वाढ बऱ्याच अंशी सोसते, कारण तिचा धागा लवचिक असतो आणि वाफेच्या इस्त्रीने पाठीला आधीच थोडा फुगवटा दिलेला असतो. अस्तराचे गुळगुळीत, घट्ट विणीचे कापड जवळजवळ ताणलेच जात नाही. म्हणून पाठीच्या मध्यावर वरपासून २.५ सेंटिमीटरची घडी ठेवावी लागते, आणि ती मानेपाशी व कमरेपाशी थोड्या टाक्यांनी धरून मध्ये मोकळी सोडावी लागते. ही घडी नसेल तर प्रत्येक वेळी हात पुढे गेला की सगळी ओढ मुंढ्याच्या मागच्या शिवणीवर येते, आणि अस्तर तिथेच फाटू लागते. दुरुस्तीला आलेल्या कोटांत हे ठिकाण आपण माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाहिले असेल.

घेराशी असलेल्या घडीचे कारण वेगळे आहे, आणि ते मी लेखात लिहिलेच नव्हते. लोकर हवेतला ओलावा शोषते तेव्हा तिचे तंतू फुगतात, विणीत वाकून बसलेले धागे किंचित सरळ होतात आणि कापड लांबी-रुंदीत वाढते; हवा कोरडी झाली की ते पुन्हा आखडते. काही लोकरी कापडांत ही वाढ दोन टक्क्यांच्याही पुढे जाते. ७५ सेंटिमीटर लांबीच्या कोटावर दोन टक्के म्हणजे दीड सेंटिमीटर होतात. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेला कोट एवढा वाढला आणि आतले अस्तर तेवढेच राहिले, तर अस्तर घेराला आतून वर खेचते आणि समोरच्या कडा वळू लागतात. म्हणून अस्तराची खालची कड कोटाच्या घेरापासून दोन सेंटिमीटर वर शिवून, वरचे दीड सेंटिमीटर कापड तिच्यावर सैल उतरू द्यायचे असते. गरज पडली की ती घडी उलगडते आणि गरज संपली की मिटते. माझ्या पहिल्या कोटाला मी हीच घडी ठेवली नव्हती. त्याचे अस्तर व्हिस्कोसचे, म्हणजे रेयॉनचे होते आणि मी ते कापण्यापूर्वी भिजवून आटवलेही नव्हते. पहिल्याच जोरदार वाफेच्या इस्त्रीत अस्तर आखडले, घेर चुण्याचुण्यांनी वर ओढला गेला, आणि कितीही दाबून इस्त्री केली तरी तो पुन्हा सरळ झाला नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती.

मात्र आपण याच संदर्भात एक गोष्ट अगदी अचूक पकडली आहे. “अस्तर सगळीकडे दोन सेंटिमीटर मोठे कापावे” असे मी लिहिले होते, ते चूक आहे. मानेभोवती आणि खांद्याच्या शिवणीवर जादा कापड ठेवले तर ते तिथे गोळा होते आणि कॉलरच्या खाली वळ उमटतो. सैलपणा जिथे हालचाल आहे तिथेच हवा : पाठीच्या मध्यावर, घेराशी, पुढच्या पट्टीच्या (समोरच्या कडेला आतून लावलेल्या कापडाच्या) उभ्या कडेवर सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर, बाहीच्या लांबीत, आणि विशेष करून मुंढ्याच्या तळाशी. मुंढ्याच्या तळाशी कोटाच्या शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेले कापड, उघडून इस्त्री करत नाहीत. ती काखेत वर उभी राहते. एक सेंटिमीटर माया असेल तर अस्तराला एका बाजूने एक सेंटिमीटर चढून दुसऱ्या बाजूने तेवढेच उतरावे लागते, म्हणून बाहीचे अस्तर काखेपाशी दोन सेंटिमीटर उंच कापले पाहिजे. ते कोटाच्या मापाने कापले तर हात वर करताच अख्खा कोट बाहीबरोबर वर उचलला जातो, आणि घालणाऱ्याला वाटते की कोटच लहान शिवला आहे.

आता मशीनचा प्रश्न. मी मशीनच्या विरुद्ध नाही. अस्तराची पाठीची, बाजूंची आणि बाहीची उभी शिवण मी मशीनवरच घालते, कारण तिथे सरळ, बारीक, पक्की टीप हवी असते आणि हाताने ती तितकी एकसारखी येत नाही. कोट आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकत्र शिवून, बाहीच्या अस्तरात ठेवलेल्या फटीतून सगळा कोट बाहेर उलटवण्याची जी पद्धत आपण सुचवली आहे, तीही चांगली पद्धत आहे. पाठीची आणि घेराची घडी तिच्यातही ठेवता येते, आणि पहिला कोट शिवणाऱ्याला मी आता तीच सुचवीन. आपला मुद्दा वाचल्यानंतर लेखात तशी भर घातली आहे.

माझा आग्रह उरतो तो मुंढ्यापुरता, पुढच्या पट्टीपुरता आणि घेरापुरता, आणि तो दिसण्यासाठी नाही. कोटातल्या सगळ्या भागांत अस्तर सर्वांत आधी झिजते. ते झिजावे म्हणूनच घातलेले असते : शर्टाची कड, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल, खिशातल्या किल्ल्या हे सगळे ते स्वतःवर घेते आणि लोकरीपर्यंत पोहोचू देत नाही. चांगला लोकरी कोट तीस-चाळीस वर्षे टिकू शकतो, अस्तर त्याच्या निम्मेही टिकत नाही. तेव्हा कोट शिवतानाच हे ठरवावे लागते की ओढ आली तर आधी काय तुटावे. माझ्या मते आधी टाका तुटावा, तो टिकला तर अस्तर फाटावे, आणि लोकरीला काही म्हणजे काही होऊ नये. म्हणून मी तुरपाईसाठी मेण लावलेला बारीक सुती धागा एकेरी घेते, टाके तीन-तीन मिलिमीटरवर घालते आणि धागा कधीही करकचून ओढत नाही. टाका अस्तराच्या दुमडीतून निघून खालच्या मायेचे दोन-तीन धागेच पकडतो, कोटाच्या वरच्या कापडापर्यंत जात नाही. मुंढ्यात आधी अंगाच्या अस्तराची कड मायेवर उलट्या टाक्यांनी बसवते, मग बाहीच्या अस्तराची कड दुमडून तिच्यावर तुरपते. पुढे बाहीचे अस्तर विरले तर तेवढेच उसवून बदलता येते, अंगाच्या अस्तराला हात लावावा लागत नाही. सात तासांतले पाच या दोन मुंढ्यांवर जातात, हे खरे आहे.

हे मी कुणाच्या सांगण्यावरून मानत नाही. माझ्या वडिलांचा कोट १९७८ साली पुण्यात एका शिंप्याने शिवला होता. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे रेयॉनचे अस्तर काखेत आणि आतल्या खिशाच्या तोंडाशी जाळीसारखे झाले होते. मी जाड सुईच्या टोकाने मुंढ्यातला एक टाका उचलला, कात्रीने कापला आणि धागा ओढला, तर पुढचे वीतभर टाके आपोआप सुटत गेले. दुपारभरात सगळे अस्तर अखंड हातात आले. लोकरीवर एकही भोक नव्हते, आत शिवणींना सढळ माया सोडलेली होती, आणि काढलेले अस्तर इस्त्री करून तेच मी नव्या अस्तराचा नमुना म्हणून वापरले. त्या शिंप्याला त्याच्या मागून तो कोट कुणीतरी उघडणार आहे हे ठाऊक होते, आणि त्याने त्या माणसाची सोय करून ठेवली होती. मशीनची टीप उसवताना वरचा आणि खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. ते सोडवताना पातळ अस्तर हमखास फाटते आणि नमुना हाती लागत नाही.

पॉलिएस्टरविषयी आपण जे लिहिले आहे त्यातले अर्धे मला मान्य आहे. घासण्याला ते क्युप्रापेक्षा अधिक टिकते यात शंका नाही. शिवाय, आपण न मांडलेला एक मुद्दा आपल्याच बाजूने सांगते : व्हिस्कोस ओले झाले की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, क्युप्राचीही घटते, आणि काखेतला घाम नेमका तेच करतो. तरीही मी क्युप्राच घेते. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ टक्के ओलावा धरते आणि क्युप्रा सुमारे ११ टक्के. पॉलिएस्टर मात्र ०.४ टक्केच धरते. लोकरीच्या आत पॉलिएस्टर लावणे म्हणजे घाम शोषणाऱ्या कापडाच्या आणि अंगाच्या मध्ये न शोषणारे कापड घालणे. क्युप्रा कापसाच्या सरकीवर उरलेल्या आखूड तंतूंपासून बनते, तांबे आणि अमोनियाच्या द्रावणात ते विरघळवून. जपानमध्ये नोबेओका येथे १९३१ पासून ते तयार होत आले आहे. मी “पॉलिएस्टरमधून हवा जात नाही” असे लिहिले होते. ते विधान ढोबळ होते, कारण हवा जाणे हे विणीवर अवलंबून असते, आणि ते मी दुरुस्त केले आहे. किमतीविषयी एवढेच म्हणेन की एका कोटाला सुमारे दोन मीटर अस्तर लागते, आणि तिप्पट दर दिला तरी तो फरक लोकरीच्या कापडाच्या किमतीपुढे लहान असतो. ज्यांना तोही परवडत नाही त्यांनी बाह्यांना तरी क्युप्रा लावावे.

आपल्या हवेत अस्तर नको, या सूचनेवर मी बराच विचार केला. इटलीतल्या नेपल्स शहरात १९३० च्या दशकात व्हिन्चेन्झो अत्तोलिनी यांनी कोटातला भराव आणि अस्तर कमी करून हलका कोट रूढ केला, आणि तो उन्हाळ्यासाठी उत्तम ठरला. पण अस्तर काढले की काम कमी होत नाही, वाढते. कॅनव्हासची (पुढच्या भागाला आकार देणाऱ्या आतल्या ताठ कापडाची) कड, खिशांच्या पिशव्या, प्रत्येक शिवणीची माया हे सगळे उघडे पडते आणि तिरप्या कापडाच्या पट्टीने एकेक कड बांधावी लागते. मुंबईत वापरायच्या कोटाला मी पुढचा भाग, बाह्या आणि पाठीचा वरचा तिसरा हिस्सा एवढ्यालाच अस्तर लावीन. बाह्या मात्र कधीच सोडणार नाही, कारण अस्तर नसलेल्या बाहीत शर्टाची बाही अडकते आणि कोपरापाशी गोळा होते. भाऊ मात्र हा कोट घेऊन डेहराडूनला राहतो, आणि तिथल्या हिवाळ्याला पूर्ण अस्तरच हवे होते.

राहिली ती डाव्या मुंढ्याजवळची चुणी. ती छायाचित्राच्या प्रकाशामुळे दिसत असेल असे मला आधी वाटले होते, पण कोट उलटा करून पाहिला तेव्हा आपले निरीक्षण बरोबर निघाले. बाहीचे अस्तर मी सेंटिमीटरभर मागच्या बाजूला फिरवून बसवले आहे. वरची खूण खांद्याच्या शिवणीला नव्हे, तिच्या मागे लागली आहे, आणि त्यामुळे बाहीच्या आत अस्तर पिळले जाऊन पुढच्या बाजूला ओढ दिसते. काल रात्री मी त्या मुंढ्यातले खांद्यापासून पुढच्या बाजूचे टाके उसवले. त्याला वीस मिनिटे लागली, कापडावर खूण राहिली नाही. आज काखेपर्यंतचे उसवून, बाही हातात उभी धरून, अस्तर पुन्हा खांद्याच्या शिवणीशी जुळवून कच्च्या दोऱ्याने धरणार आहे. पक्के टाके घालण्यापूर्वी त्याचे छायाचित्र इथेच ठेवीन. आपण ते एकदा पाहून सांगावे, ही विनंती.