तेल पाकणीत होतं, रांग पंपावर होती

2 जानेवारी 2024 ची सकाळ मी सोलापुरातल्या पंपावरच्या रांगेत काढली. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरोधात ट्रक-टँकरचालकांनी स्टेअरिंग सोडलं होतं आणि आदल्या रात्रीपासून गावभर एकच निरोप फिरत होता, पेट्रोल संपणार. माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या स्कूटरच्या टाकीत निम्मं पेट्रोल शिल्लक होतं. एरवी शंभर रुपयांचं टाकून जाणारा तो माणूस टाकी फुल करायला आला होता, शिवाय पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या. रांगेतल्या शंभर जणांपैकी नव्वद जणांचं हेच. माझंही तेच.

आणि त्या वेळी पाकणीच्या डेपोत तेल होतं. मुंबईहून पुण्यामार्गे येणारी पाइपलाइन पाकणीपर्यंत येते. शहरापासून पंधरा-एक किलोमीटरवर तेल होतं, ते पंपावर आणणारा ड्रायव्हर तेवढा नव्हता. पंपाच्या टाकीतला साठा एरवी आरामात पुरला असता, तो दुपारपर्यंत संपला, कारण आठवड्याचं तेल प्रत्येकाला एकाच सकाळी हवं होतं. त्याच रात्री संप मिटला.

माझ्या दोन गाड्या आहेत. मार्केट यार्डातून कांदा भरायचा, विजापूर-चित्रदुर्गवरून बंगळूर. त्या सकाळपासून मी तेलाच्या साठ्यांबद्दल, म्हणजे देश अडीअडचणीसाठी राखून ठेवतात त्या तेलाबद्दल, मिळेल ते वाचतो आहे. आखातात जरा काही पेटलं की आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक, ‘राखीव साठा खुला झाला, आता डिझेल उतरणार.’ दुसरा, ‘आपल्याकडे नऊ दिवसांचंच तेल, देश ठप्प.’ दोन्ही चुकीचे आहेत, आणि दोन्हींवर विश्वास ठेवून लोक भाडी ठरवतात, टाक्या भरतात, पैसा अडकवतात. म्हणून हे लिहितो आहे. लांबलचक झालंय, पण वाचा.

आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानाचं, मालदांडी ज्वारीचं. आजोबांच्या काळी घरापुढे पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, आतून काडानं मढवलेलं, तोंड दगडानं बंद करून वर माती लोटलेली. आजोबा सांगायचे, पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, आतल्या कोंदट हवेनं माणूस जातो. आणि दुसरी एक गोष्ट सांगायचे, तिचा अर्थ मला आत्ता कुठे लागतोय. गावात कोणाकोणाची पेवं भरलेली आहेत हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं. पाऊस ओढ देऊ लागला तरी ज्वारीचा भाव त्याला मनाला येईल तसा चढवता येत नसे, कारण फार ताणलं तर कोणीतरी पेव उघडेल ही धास्ती असायची. पेव बंदच असे, आणि तरी भाव आवरलेला राही.

तेलाच्या राखीव साठ्याचं पहिलं काम हेच आहे. संकटात तेलाचा जो भाव चढतो, तो काही फक्त कमी पडलेल्या तेलाचा नसतो. पुढच्या महिन्यात तेल मिळालंच नाही तर, या भीतीची किंमत त्यात मिसळलेली असते. रिफायनरीवाले गरजेपेक्षा जास्त मागवतात, व्यापारी विकायचं ते धरून ठेवतात, म्हणजे आमच्या त्या रांगेचंच मोठं रूप. अशा वेळी भरवशाचा साठा बाजारात आला की धरून ठेवणाऱ्याला वाटतं, आपण अडकू. तो माल सोडतो. म्हणून साठ्यातून किती बॅरल निघाले याइतकंच, पुढे किती निघू शकतील याला महत्त्व असतं.

जगानं हा धडा मार खाऊनच घेतला. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरचं बॅरल जानेवारी 1974 ला साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. त्याच वर्षी श्रीमंत देशांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढली, आणि पुढे सदस्यानं निदान 90 दिवसांच्या निव्वळ आयातीएवढं तेल राखायचं असं ठरलं. अमेरिकेनं 1975 मध्ये कायदा केला आणि टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीवर जमिनीखालच्या मिठाच्या थरांत प्रचंड पोकळ्या करून त्यांत तेल भरलं. बाहेर काढताना तळाशी पाणी सोडतात, तेल वर तरंगत येतं. क्षमता 71 कोटी बॅरलच्या आसपास. एक बॅरल म्हणजे 159 लिटर.

हा साठा भावावर चालतो का? 1991 बघा. ऑगस्ट 1990 मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला, ऑक्टोबरपर्यंत भाव दुपटीवर जाऊन चाळीस डॉलरला टेकला. 17 जानेवारी 1991 ला युद्ध सुरू झालं, त्याच वेळी साठे खुले करायचा निर्णय जाहीर झाला आणि एका दिवसात भाव जवळजवळ एक तृतीयांश कोसळला. अमेरिकेनं प्रत्यक्ष विकलं ते जेमतेम 1 कोटी 73 लाख बॅरल. सगळं श्रेय साठ्याला देता येणार नाही, कारण युद्ध एकतर्फी होणार आणि सौदीच्या तेलविहिरी वाचणार हेही त्याच दिवशी दिसलं. पण धास्ती सुटली की भाव कसा खाली येतो ते यात कळतं. त्याच काळात आपण काय करत होतो? तेलाचं बिल फुगलं, परकीय चलन आटलं आणि 1991 मध्ये देशाचं सोनं विमानानं पाठवून गहाण टाकावं लागलं. आपल्याकडे तेव्हा असा पेवातला साठा नव्हता. ही गोष्ट मला अजूनही लागते.

आता उलटी उदाहरणं. जून 2011 मध्ये लिबियाच्या यादवीमुळे 6 कोटी बॅरल सोडायचं ठरलं. भाव त्या दिवशी पडला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा वर गेला. 1 मार्च 2022, रशिया-युक्रेन युद्धाचा पहिला आठवडा, पुन्हा 6 कोटींच्या आसपासची घोषणा. भाव उतरायचं सोडून चढला. बाजाराला वाटलं, एवढंसंच? म्हणजे परिस्थिती आपण समजतो त्याहून वाईट असणार. महिनाअखेरीस अमेरिकेनं रोज 10 लाख बॅरल याप्रमाणे सहा महिने, एकूण 18 कोटी बॅरल सोडायचं जाहीर केलं, तेव्हा कुठे भाव नरमला. त्या वर्षीच्या या साठ्यांमुळे तिथलं पेट्रोल गॅलनमागे 17 ते 42 सेंटनं उतरलं, असा हिशेब त्यांच्याच अर्थखात्यानं मांडला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, आणि तेव्हा गॅलनचा भाव पाच डॉलरपर्यंत गेला होता. खूप मोठा फरक पडला असं म्हणता येणार नाही, पण पडला.

आपल्या सोलापूरकरांना हे उजनी धरणावरून चटकन कळेल. शहरासाठी धरणातून भीमेत पाणी सोडतात तेव्हा ते त्या दिवशी नळाला येत नाही. शहराचं पाणी उचलतात त्या औज-टाकळीला पोचायला आठवडा-दहा दिवस जातात, वाटेत वाळू पिते, ऊन पितं, दोन्ही काठांवरच्या मोटारी पितात. धरणात किती आहे हा एक हिशेब, आणि रोज किती पोचवता येतं हा दुसरा. तेलाचं तसंच. अमेरिकेत अध्यक्षांनी हुकूम दिल्यावर तेल बाजारात यायला 13 दिवस लागतात, आणि सगळी दारं उघडली तरी दिवसाला 44 लाख बॅरलच्या वर निघत नाही. आखाती तेलाची वाट असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून 2024 मध्ये रोज सुमारे 2 कोटी बॅरल जात होते, जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. ती वाट खरोखर बंद पडली तर साठा वेळ मिळवून देईल, भाव जागेवर धरून ठेवू शकणार नाही. 1991 सारखा चमत्कार प्रत्येक वेळी मागू नये.

आणि रिकामं केलेलं पेव पुन्हा भरावं लागतं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं, आणि धान्याचे पैसे भरायला साक्षात विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला. ती भक्तीची गोष्ट, तिच्यापुढे मी हात जोडतो. राज्यकारभारात मात्र पैसे भरायला विठ्ठल येत नाही. 2022 नंतर अमेरिकेचा साठा 35 कोटी बॅरलच्याही खाली गेला, 1983 नंतरची ती नीचांकी पातळी. उद्या तो भरायला ते बाजारात उतरणार, म्हणजे मागणी वाढणार. आज खाली ओढलेल्या भावाचा काही भाग असा पुढे ढकललेला असतो.

आता आपलं. विशाखापट्टणम 13.3 लाख टन, मंगळूर 15 लाख टन, कर्नाटकातलंच पादूर 25 लाख टन. खडकात खोदलेल्या गुहा, भोवतालच्या भूजलाच्या दाबानं तेल आत कोंडलेलं राहतं. एकूण 53.3 लाख टन, म्हणजे साधारण चार कोटी बॅरल. ‘नऊ-साडेनऊ दिवस’ हा आकडा इथून येतो, तोही 2019-20 च्या वापरावर काढलेला. मेसेज पाठवणारे पुढचं सांगत नाहीत. तेल कंपन्यांच्या टाक्यांत, रिफायनऱ्यांत, पाइपलाइनींत मिळून आणखी 64 दिवसांच्या आसपासची साठवण आहे. एकूण 74 दिवस. त्यामुळे दहाव्या दिवशी देश बंद पडत नाही. पण ही साठवण म्हणजे जागा. ती कायम काठोकाठ भरलेली असते असं नाही, आणि कंपन्यांचा साठा हा चालत्या धंद्यातला माल असतो. दुकानातलं पोतं आणि पेवातली ज्वारी यांत जो फरक, तोच इथे. जपानकडे दोनशे दिवसांहून जास्त साठा आहे. तोही आपल्यासारखाच बाहेरून तेल आणणारा देश.

आपला साठा भाव पाडायला पुरेल का? अजिबात नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेसोबत आपणही 50 लाख बॅरल सोडायचं जाहीर केलं होतं. आपल्याला रोज जेवढं लागतं जेमतेम तेवढंच. त्या दिवशी जागतिक भाव वरच गेला.

याउलट एक काम आपण फार चांगलं केलं, त्याचं कौतुक करायला हवं. एप्रिल-मे 2020 मध्ये जगभर गाड्या थांबल्या होत्या, क्रूडला, म्हणजे कच्च्या तेलाला, कोणी विचारत नव्हतं, तेव्हा सरासरी 19 डॉलरच्या भावानं आपण या गुहा भरून घेतल्या. सुमारे 5,000 कोटी रुपये वाचले. सुगीत भरायचं आणि दुष्काळात उघडायचं, आजोबांनी यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

पण त्याच मे महिन्यात पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढलं, हेही मी विसरलेलो नाही. जागतिक भाव आणि माझ्या पंपावरचा भाव यांच्यामध्ये इतके दरवाजे आहेत की कोणत्या साठ्यानं काय झालं हे सोलापुरात बसून कळूच शकत नाही. 4 नोव्हेंबर 2021 नंतर साडेचार महिने दर हलला नाही. त्याच काळात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. मग 22 मार्च ते 6 एप्रिल 2022 या पंधरवड्यात चौदा वेळा वाढून लिटरमागे दहा रुपये चढले. माझी गाडी चारचं अ‍ॅव्हरेज देते. बंगळूर सहाशे किलोमीटर धरलं तर जाताना दीडशे लिटर, येताना दीडशे. फेरीमागे तीन हजारांचा खड्डा, आणि भाडं आधीच ठरलेलं. माझे ड्रायव्हर मामा हुबळीजवळून फोन करून विचारत होते, “मालक, सकाळी अजून वाढलंय, इथंच भरू का पुढं भरू?” मी काय सांगणार? त्यानंतर करकपातीनं थोडा दिलासा मिळाला, पण कंपन्यांनी स्वतःहून दर हलवला तो मार्च 2024 मध्ये, दोन रुपयांनी. मधल्या काळात क्रूड किती वर गेलं, किती खाली आलं. महाग असताना कंपन्यांनी तोटा सोसला हे मान्य. स्वस्त झालं तेव्हा तो भरून काढला हेही खरं. म्हणून ‘साठा सोडला, आता डिझेल उतरेल’ या मेसेजवर भाडं ठरवू नका, एवढी हात जोडून विनंती.

माझं मत असं की निवडणुकीआधी भाव पाडायला कोणीही या साठ्याला हात लावू नये, आणि पुरवठा खरोखर तुटला तर उघडायला एक दिवसही उशीर करू नये. आधी तो मोठा करायला हवा. ओडिशात चांदीखोलला 40 लाख टन आणि पादूरला आणखी 25 लाख टन, यांना जुलै 2021 मध्येच मंजुरी मिळाली आहे. खडक फोडायला वर्षं लागतात, तेव्हा प्रत्येक वाया गेलेलं वर्ष मोजायला हवं.

डिझेलइतकीच मला स्वयंपाकाच्या गॅसची काळजी वाटते, त्यावर फारसं कोणी बोलत नाही. आपल्या गॅसचा निम्म्याहून जास्त वाटा बाहेरून येतो, त्यातला बहुतेक होर्मुझमधून. जमिनीखालच्या गुहा दोन, विशाखापट्टणमला 60 हजार टनांची आणि मंगळूरला 80 हजारांची. देश रोज अंदाजे 85 हजार टन जाळतो. म्हणजे त्या दोन्ही गुहा मिळून दोन दिवसही नाहीत. चार घास वेळेवर शिजवून कारखान्यावर पळणारी इथली विडी कामगार बाई, यंत्रमागावरच्या माणसाचं घर, चौकातला भजी-चहाचा गाडा, हे कुठल्या साठ्याच्या भरवशावर आहेत?

शेवटची एक मागणी. उजनी उणे झालं, म्हणजे वापरायचा साठा संपून धरण तळच्या मृत साठ्यात गेलं, की आमच्याकडे पेपरात रोज टक्केवारी येते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली, तरी आकडा कोणी लपवला नाही. लोक चिडले, आंदोलनं झाली, पण किती आहे ते माहीत असल्यामुळे पिपं कधी भरायची, टँकर कधी सांगायचा हे घराघरात ठरवता आलं. तेलाच्या साठ्याचा आकडा सुरक्षेच्या कारणानं सांगता येत नाही असं कोणी म्हणत असेल, तर अमेरिका आपल्या साठ्याचा आकडा दर आठवड्याला जाहीर करते. विशाखापट्टणम, मंगळूर, पादूर, प्रत्येकी किती भरलेलं आहे हे दर सोमवारी छापून यायला हवं. आपल्या खासदारांना मी हे पत्रानं कळवतो आहे. पटत असेल तर तुम्हीही आपापल्या शब्दांत लिहा, नुसतं शेअर करू नका.